वेड खरे की पांघरलेले?



'वेड पांघरून पेडगावला जाणे' हे शब्द तुम्हां-आम्हां सगळ्यांच्या तोंडी आहेत. पेडगाव म्हणजे श्रीगोंदे तालुक्यातले, भीमेच्या काठचे. तिथे वेड पांघरून कोण गेले आणि कशासाठी गेले, याच्या गोष्टी ठिकठिकाणी निराळ्या सांगतात. त्यांत आज शिरायला नको. मला मौज वाटते ती त्यातल्या 'पांघरून' या शब्दाची. वेडाविषयी आपल्या मनात पहिली शंका कोणती येते, ती या एका शब्दात आली आहे. माणूस भलतेच वागू लागला की आपण म्हणतो, सोंग करतोय. आणि त्याच्या हातून रक्त सांडले असेल, तर मग बोलायलाच नको.

ही शंका न्यायाधीशाच्याही मनात येते, आणि ती यायलाच हवी. फरक इतकाच की चावडीवर शंका आली की निकालही तिथल्या तिथे लागतो. न्यायालयात मात्र ती शंका एका जाणत्या माणसापुढे ठेवतात आणि म्हणतात, तुम्ही तपासा आणि आम्हांला सांगा. या माणसाला शास्त्रीय भाषेत न्यायवैद्यक मनोविकारतज्ज्ञ म्हणतात. नाव फार लांब आहे. आपण त्याला मनाचा डॉक्टर म्हणू. मी स्वतः डॉक्टर नव्हे, वकीलही नव्हे. कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. पण या विषयाकडे मी वळलो तो पुस्तकामुळे नव्हे. आजोळी घडलेल्या एका प्रकारामुळे वळलो. तो आधी थोडक्यात सांगतो.

मी तेव्हा नववीत होतो. आजोळच्या गावी एक शेतकरी होते, त्यांना सारे गाव तात्या म्हणे. धाकट्या भावाशी त्यांचा बांधावरून जुना वाद. एका सकाळी तात्यांनी भावाच्या खांद्यावर कोयता घातला. भाऊ वाचला, पण उजवा हात कायमचा गेला. पोलीस आले, जबाब झाले. गावाने एकमुखाने सांगितले : तात्या शहाणा माणूस, पेरणी वेळेवर करतो, बाजारात भाव करताना कुणाला हार जात नाही. वैर होते, त्यातून हे झाले. पुढे शिक्षा झाली. वेडाचा प्रश्न कुणी काढलाच नाही. ना वकिलाने, ना भावाने, ना गावाने.

यापुढे काही वर्षांनी मी एका जुन्या इंग्रजी खटल्याचा वृत्तान्त वाचत होतो, आणि वाचता वाचता तात्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तो खटला लंडनचा. पण त्या खटल्यात ज्या पुस्तकाचा आधार घेतला गेला, ते लिहिले होते अमेरिकेतल्या एका आडगावच्या डॉक्टराने. म्हणून आधी डॉक्टरची गोष्ट.

त्यांचे नाव आयझॅक रे. जन्म १८०७चा. १८२७ साली त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि दोन वर्षांनी मेन संस्थानात ईस्टपोर्ट नावाच्या समुद्रकाठच्या गावी दवाखाना मांडला. कॅनडाच्या सीमेला लागून असलेले हे गाव. मोठे इस्पितळ नाही, विद्यापीठ नाही. खोकला, ताप, बाळंतपण, मोडलेले हाडबीड, हेच तिथले काम. त्या कामातून वेळ काढून या माणसाने युरोपातले आणि अमेरिकेतले ग्रंथ जमवले, खटल्यांचे वृत्तान्त वाचले, आणि १८३८ साली वेड आणि कायदा यांवर एक जाडजूड ग्रंथ छापला. वय अवघे एकतीस. वेड्यांच्या इस्पितळाचा कारभार तोवर त्यांच्या हाती कधी आलेला नव्हता. खेड्यातल्या शिक्षकबंधूंना मी मुद्दाम हे सांगतो आहे. जवळ मोठे ग्रंथालय नाही म्हणून अभ्यास थांबतो असे नाही.

त्या ग्रंथात सोंगावरही एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ज्याने वेड लपवले आहे त्याच्याविषयीही आहे. सोंगाड्या आणि खरा रोगी यांतला फरक सांगताना मनाचे डॉक्टर आजही पुष्कळदा याच वाटेने जातात. सोंगाड्याला आपले वेड लोकांनी पाहावे असे वाटते. कुणी बघत असले की त्याचा जोर वाढतो, कुणी नसले की तो दमून झोपतो. वेडा म्हणजे ज्याला काहीच कळत नाही अशी त्याची कल्पना. म्हणून 'दोन आणि दोन किती' विचारले तर तो मुद्दाम पाच म्हणतो. खऱ्या रोग्याला हिशेब बिनचूक येईल. तो बाजारात फसणार नाही. आणि आपल्या मनात काय चालले आहे ते तो बहुधा लपवील, कारण त्याला ते वेड वाटतच नाही. त्याच्या लेखी ते सत्य असते. आणि ते बोलून दाखवले तर लोक आपल्याला वेडा म्हणतील, एवढे शहाणपण त्याच्यापाशी असते.

आता लंडन. १८४३ सालच्या जानेवारीची वीस तारीख. डॅनिएल मॅक्नॉटन हा ग्लासगोचा कातारी, म्हणजे लाकूड चरकावर धरून कातणारा कारागीर. त्याने भर रस्त्यात एडवर्ड ड्रमंड या गृहस्थांच्या पाठीत पिस्तूल झाडले. ड्रमंड हे पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचे खाजगी चिटणीस. मॅक्नॉटनने त्यांना पीलच समजून गोळी घातली असे मानले जाते. पाच दिवसांनी ड्रमंड वारले. मॅक्नॉटनचे म्हणणे असे की, टोरी पक्षाचे लोक आपल्या पाळतीवर आहेत, ते जिथे जावे तिथे मागे येतात, आपल्याला जगू देत नाहीत. हा माणूस कफल्लक नव्हता. कामधंदा करून त्याने पैसा गाठीला बांधला होता. अटक झाली तेव्हा साडेसातशे पौंडांची ठेवपावती त्याच्यापाशी निघाली. म्हणजे हिशेबी, कष्टाळू, चारचौघांसारखा. आमच्या तात्यांसारखाच म्हणा ना!

मार्चमध्ये खटला उभा राहिला. बचावाचे बॅरिस्टर अलेक्झांडर कॉकबर्न यांनी ज्यूरीपुढे रे यांच्या पुस्तकातले उतारेच्या उतारे वाचले. लंडनच्या प्रसिद्ध डॉक्टरांनी कैद्याला तुरुंगात जाऊन तपासले होते. त्यांनी सांगितले की, हा संशय म्हणजे रोग आहे. शेवटी तर एक डॉक्टर असे उभे राहिले, की त्यांनी कैद्याशी एक शब्दही बोललेला नव्हता. ते नुसते कोर्टात बसून साक्षी ऐकत होते. त्यांनीही तेच मत दिले. सरकारपक्षाने उलट मत देणारा एकही डॉक्टर उभा केला नाही. न्यायमूर्ती टिंडल यांनी खटला तिथेच आवरता घेतला आणि ज्यूरीने 'वेडामुळे निर्दोष' असा निकाल दिला.

पुष्कळ लोकांना वाटते, निर्दोष म्हणजे मोकळा सुटला. मॅक्नॉटन सुटला नाही. त्याला बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, तिथून १८६४ साली ब्रॉडमूरच्या नव्या इस्पितळात नेले, आणि पुढच्या वर्षी तो तिथेच मेला. बावीस वर्षांत त्याने मोकळा रस्ता पाहिला नाही.

तरीही निकालावर मोठा गहजब झाला. राणी व्हिक्टोरियावर १८४० साली एकाने गोळ्या झाडल्या होत्या आणि तोही वेडाच्याच कारणावर सुटलेला होता. तेव्हा राणीची नाराजी तर विचारूच नका. उमरावांच्या सभेने न्यायाधीशांना बोलावून काही प्रश्न घातले. त्यांची जी उत्तरे आली, तीच मॅक्नॉटनचे नियम म्हणून प्रसिद्ध आहेत. सार असे : कृत्य करतेवेळी मनाच्या रोगामुळे आपण काय करतो आहोत हे त्याला कळत नव्हते, किंवा कळत असले तरी ते वाईट आहे हे कळत नव्हते, असे सिद्ध झाले तरच तो निर्दोष.

या ठिकाणी हा खटला आपल्या घरापर्यंत येतो. १८६० साली भारतीय दंड संहिता झाली, तिच्या ८४व्या कलमात हीच कसोटी आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आहे. तिच्यात ते कलम २२ झाले. आकडा बदलला, कसोटी तीच. ग्लासगोच्या कातार्‍यासाठी काढलेली मोजपट्टी आज कोल्हापूर-नांदेडच्या आरोपीला लावली जाते.

न्यायाधीशांना आणखी एक प्रश्न विचारला होता, आणि आजच्या विषयाला तो फार महत्त्वाचा आहे. ज्या डॉक्टरने कैद्याला तपासलेले नाही, केवळ कोर्टात बसून ऐकले आहे, त्याला 'हा वेडा होता का' असे विचारावे काय? उत्तर आले ते असे की, सरळ हक्काने विचारता येणार नाही. कारण त्याचे उत्तर देण्यासाठी कोणती साक्ष खरी आणि कोणती खोटी, हे डॉक्टरला आधी ठरवावे लागेल. आणि ते ठरवणे त्याचे काम नव्हे. एका हाताने कायद्याने डॉक्टरला न्यायालयात बोलावले आणि दुसऱ्या हाताने त्याची जागा आखून दिली. ही रेघ मला फार शहाणपणाची वाटते.

रे यांना मात्र नियमांची कसोटी पटली नाही. त्यांचे म्हणणे असे, की रोग फक्त समजुतीलाच होतो असे नाही. भावनेला होतो, इच्छाशक्तीलाही होतो. 'हे पाप आहे' असे कळत असूनही हात आवरत नाही, असे रोगी त्यांच्या माहितीत होते. तोवर ते मेनच्या सरकारी इस्पितळाचे प्रमुख झाले होते. १८४७ पासून वीसेक वर्षे प्रॉव्हिडन्सचे बटलर इस्पितळ त्यांनी चालवले. १८४४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये एका कैद्याने तुरुंगाच्या अधिकाऱ्याला मारल्याचा खटला चालला, त्यात त्यांनी स्वतः साक्ष दिली. म्हणजे पुस्तक लिहिणारा माणूस पिंजऱ्यातही उभा राहिला आणि रोग्यांच्या उशाशीही. उतारवयात न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश चार्ल्स डो यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. त्यातून १८७०च्या सुमारास त्या संस्थानाने मॅक्नॉटनची पट्टी बाजूला ठेवली आणि ठरवले, की रोग होता का आणि कृत्य त्या रोगातून उपजले का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, तो ज्यूरीने ठरवावा. १९५४ साली वॉशिंग्टनच्या वरिष्ठ न्यायालयानेही असाच नियम केला. पण तिथे अडचण निराळीच झाली. डॉक्टर 'रोगाचे फळ' एवढे दोन शब्द उच्चारीत आणि खटला तिथेच संपे. निकाल देणारा डॉक्टरच होऊन बसला. १९७२ साली त्या न्यायालयाने तो नियम सोडून दिला. रे यांच्या बाजूने माझे मन आहे, हे लपवत नाही; पण हा अनुभवही नजरेआड करता येत नाही.

डॉक्टर डॉक्टरांतच मतभेद झाले तर? होतात. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना चार्ल्स गिटो याने गोळी घातली. न्यूयॉर्कचे तरुण डॉक्टर स्पिट्झ्का म्हणाले, हा वेडा आहे. यूटिका इस्पितळाचे प्रमुख डॉ. जॉन ग्रे म्हणाले, हा दुष्ट आहे, वेडा नाही. ज्यूरीने ग्रे यांचे मानले. गिटो १८८२च्या जूनमध्ये फासावर गेला. पण त्याआधीच, मार्चमध्ये, ग्रे यांच्या स्वतःच्या कचेरीत शिरून एका वेड्याने त्यांनाच गोळी मारली. ते त्यातून वाचले. असो.

आता आपल्याकडे हे काम कसे चालते ते पाहू. आधी वैद्यकाची पदवी, मग मनोविकारशास्त्रातले उच्च शिक्षण, मग वर्षानुवर्षांचा अनुभव; बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर या एका शाखेचे खास शिक्षण मिळते. आपल्या राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. न्यायालयाच्या हुकुमाने आरोपीला अशा ठिकाणी तपासणीला पाठवता येते.

डॉक्टरपुढे येणारे प्रश्न दोन असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला आजचा : हा माणूस आज खटला समजू शकतो का, वकिलाला काही सांगू शकतो का? नसेल तर खटला थांबतो; रद्द होत नाही, थांबतो. दुसरा त्या दिवसाचा : गुन्हा घडला त्या क्षणी त्याचे मन कसे होते? पहिल्याचे उत्तर समोर बसलेल्या माणसाकडे पाहून देता येते. दुसऱ्याचे देण्यासाठी काळात मागे जावे लागते, आणि सगळी कसोटी तिथे लागते.

चांगला डॉक्टर पहिल्या भेटीतच आरोपीला बजावतो, 'बाबा रे, मी तुझ्यावर उपचार करायला आलेलो नाही. तू जे सांगशील ते न्यायालयापुढे जाईल.' आजाऱ्याची गुपिते पोटात ठेवणे हा डॉक्टरचा धर्म. इथे तो बाजूला ठेवावा लागतो, म्हणून निदान फसवणूक तरी होऊ नये. मग बोलणे, एकदा नव्हे, अनेकदा. झोप कशी आहे, जेवतो कसा, एकटाच पुटपुटतो का, यांवर पहारेकऱ्यांच्या आणि परिचारिकांच्या नोंदी. पोलिसांचे कागद, पंचनामा, पूर्वीच्या औषधांच्या चिठ्ठ्या. घरच्यांशी बोलणे. त्यातून अहवाल तयार होतो आणि मग पिंजरा. उलटतपासणीत वकील हमखास विचारतो, 'डॉक्टरसाहेब, आपण याला घटनेनंतर आठ महिन्यांनी पाहिलेत. त्या दिवशी आपण तिथे होता काय?' 'नव्हतो.' 'मग सांगता कशावरून?' इथे कच्चा साक्षीदार चिडतो. मुरलेला डॉक्टर शांतपणे म्हणतो, 'आधीच्या आणि नंतरच्या वागण्यावरून.' आणि जे सांगता येत नाही तिथे 'सांगता येत नाही' म्हणतो. ते म्हणायला विद्वत्तेपेक्षा छाती जास्त लागते.

आपले सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आले आहे, की रोग आहे एवढ्याने माणूस सुटत नाही. वैद्यकातले वेड निराळे, कायद्यातले निराळे. सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. पण १९६४ साली गुजरातमधल्या एका खटल्यात त्या न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की ही जबाबदारी सरकारपक्षाइतकी जड नाही. पारडे त्याच्या बाजूला झुकले तरी पुरते. आणि घटनेच्या आधीचे, वेळचे, नंतरचे, असे सारे वागणे पाहायचे. २००२ साली आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात हे दिसून आले. एका माणसाने बायकोला ठार केले होते. दोन्ही न्यायालयांनी जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने कागद पाहिले : घटनेच्या आधीपासून संशयाच्या मनोविकारावर उपचार चाललेले, घटनेनंतरच्या महिन्यांत पुन्हापुन्हा इस्पितळात नेलेले, आणि कृत्य दिवसाउजेडी करून पळण्या-लपण्याचा प्रयत्न नाही. त्याला निर्दोष ठरवले. त्याला कशाने तारले? औषधाच्या चिठ्ठ्या होत्या. कुणीतरी त्याला वेळेवर डॉक्टरकडे नेले होते आणि ते कागदावर होते.

आता तात्यांकडे परत येतो. गावाने सांगितले ते खोटे नव्हते. पेरणी, बाजार, बांध, सगळे खरे. पण एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती आणि मला होती. त्या उन्हाळ्याच्या सुटीत तात्यांनी घरच्या आडाचे पाणी पिणे सोडले होते. पहाटे उठून नदीवरून कळशी आणीत. मी त्यांच्याकडे आंबे खायला जात असे. एकदा त्यांनी मला हाक मारली, तांब्या पुढे केला आणि हळूच म्हणाले, 'बाळ, तू आधी पी. धाकट्याने औषध घातलंय का बघू.' मी प्यालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पुष्कळ वेळ पाहिले आणि मग स्वतः प्याले. असे सातआठ दिवस चालले. मला तो खेळ वाटला. घरी सांगितले असते तर रागावतील, आंबे बंद होतील, म्हणून बोललो नाही. पोलीस आले तेव्हा मुलांना कुणी काही विचारले नाही, आणि मीही पुढे झालो नाही.

हे कळले असते तर तात्या सुटले असते, असे मी म्हणत नाही. ते ठरवणारा मी कोण? पण मनाच्या एखाद्या डॉक्टरला घटनेच्या आधीचे दिवस पाहायचे असते, तर ते त्या तांब्यात होते. अशा गोष्टी इस्पितळातल्या माणसाला दिसत नाहीत. त्या शेजाऱ्याला दिसतात, घरच्या सुनेला दिसतात, आणि शाळेतल्या गुरुजींना तर हमखास कळतात, कारण मुले घरातले सगळे शाळेत बोलतात. असे काही कानांवर आले तर अंगात आले, बाहेरची बाधा झाली, म्हणून सोडू नका. तारीख घालून वहीत टिपून ठेवा. त्या माणसाला जिल्हा रुग्णालयात न्या. तेही जमले नाही तर सरकारच्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विचारा. कोयता उचलण्याच्या आधी हे झाले, तर ना पिंजरा लागेल ना अहवाल.

तात्या सहा वर्षांनी परत आले. मी तेव्हा कॉलेजात होतो. भेटायला गेलो. पार थकले होते, मला त्यांनी ओळखले की नाही कोण जाणे. ओसरीवर नदीच्या पाण्याची कळशी होती. त्यांनी तांब्या भरला आणि माझ्या पुढे केला.